विश्लेषण : काळ्या मातीत गाडी फसली, तर दोर कोणता आणि बांधायचा कुठे?

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची सलग डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाली आणि तिची गिनेस बुकात नोंद झाली. मात्र पावसाळ्यात याच महामार्गावरून शेताच्या पांदणीकडे वळले, की काही अंतरातच चाके चिखलात जातात. शेतरस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्राम समृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. तरीही वऱ्हाडात कच्च्या पांदणी अजून भरपूर आहेत. गाडी फसली की ट्रॅक्टर येतो, हाताला लागेल तो दोर किंवा साखळी बांधली जाते आणि अर्धे गाव भोवती उभे राहते. जीवघेणे अपघात होतात ते याच क्षणी.

काळ्या मातीत गाडी इतकी घट्ट का रुतते?

वऱ्हाडच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत माँटमोरिलोनाइट या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पाणी शोषून ही माती फुगते, चाकाला थरावर थर चिकटतो आणि टायरच्या खाचा बुजून चाक गुळगुळीत होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मातीतील सोडियममुळे निचरा आणखी मंद असतो. त्यामुळे वरून वाळलेली दिसणारी वाट आतून ओलीच राहते.

लष्करी वाहने चिखलातून काढण्यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात. चाकांपर्यंत रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतलेली असेल तर दुप्पट आणि केबिनपर्यंत रुतली असेल तर तिप्पट. म्हणजे दोन टनांची जीप मडगार्डपर्यंत बसली असेल, तर दोरावर चार टनांचा ताण येऊ शकतो.

दोर आधी की फावडे?

फावडे. चाकासमोरची माती उतरती कापली, गाडीच्या पोटाखाली अडकलेला चिखल मोकळा केला आणि टायरमधली हवा थोडी कमी केली, तर लागणारा जोर बराच घटतो. चाकाखाली पऱ्हाट्या, गिट्टी किंवा पोती घातली, की पकडही मिळते. मात्र चाक फिरताना हे साहित्य मागे फेकले जाते, म्हणून मागे कोणी उभे राहू नये. एक्सिलरेटर दाबत राहिल्याने चाक फक्त खोल जाते.

साखळी, वायररोप आणि पट्टा यांत फरक काय?

ओढण्याच्या पद्धती दोन. पहिली संथ ओढ : दोर आधी ताणून घ्यायचा आणि हळूहळू जोर वाढवायचा. यासाठी पॉलिस्टरचा टो-पट्टा चालतो, कारण तो फारसा ताणला जात नाही. दुसरी झटक्याची ओढ : पुढची गाडी थोडा वेग घेते आणि ताणला गेलेला दोर मागच्या गाडीला खेचून काढतो. यासाठी नायलॉनचा खास ‘स्नॅच’ पट्टा किंवा ‘कायनेटिक’ दोर लागतो. असा पट्टा साधारण २० टक्के आणि दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो. त्यामुळे झटका मऊ होतो.

साखळी, वायररोप किंवा टो-पट्टा लावून झटका देणे ही सर्वांत धोकादायक चूक. यांना ताण झेपतो, पण लवचिकता नसते. सगळा जोर एका क्षणात हुकावर येतो आणि कुठे तरी तुटते. विहिरीचा जुना नायलॉन दोरही नको, कारण त्याची ताकद किती उरली आहे हे कोणालाच माहीत नसते.

झटक्यात किती ऊर्जा असते? दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली, तर तिच्यातील ऊर्जा तीच गाडी सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलण्याइतकी असते. वेग २० केला की ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते; गाडी दीड मीटरहून वर जाईल इतकी. म्हणून झटका द्यायचा तो चालण्याच्या वेगाने, धावत नव्हे.

पट्टा किती टनांचा घ्यावा?

ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांसाठी सक्तीचे ग्राहक सुरक्षा मानक आहे. तिथली शिफारस अशी : दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीचे सामानासह कमाल वजन धरा आणि त्याच्या दोन ते तीन पट तुटण्याची क्षमता असलेला पट्टा घ्या. भरलेल्या जीपचे वजन २,२०० किलो असेल, तर पट्टा ४,४०० ते ६,६०० किलोंचा हवा. त्याहून फार जाड पट्टा घेतला, तर तो पुरेसा ताणलाच जात नाही आणि साखळीसारखा वागतो. नायलॉनचा पट्टा पाण्यात भिजला की त्याची ताकद आणि ताण दोन्ही कमी होतात. पावसाळ्यात हे लक्षात ठेवावे.

शॅकल, म्हणजे पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी, घेताना एक गोंधळ टाळावा. पट्ट्यावर सहसा तुटण्याचा भार लिहिलेला असतो. शॅकलवर मात्र सुरक्षित कामाचा भार कोरलेला असतो. १९ मिलिमीटरच्या शॅकलवर सहसा ४.७५ टन असा आकडा असतो. आकडाच कोरलेला नसलेली कडी किती ताण सोसेल हे सांगता येत नाही. ती घेऊ नये. उच्च प्रतीच्या धाग्याची मऊ शॅकल वजनाने हलकी असल्याने तुटून उडाली तरी इजा कमी करते. पण ती धारदार कडेवर कापली जाते.

बांधायचे कुठे?

गाडीच्या चेसिसला बोल्टने जोडलेल्या, ओढण्यासाठीच दिलेल्या हुकाला. कारसोबत मिळणारी आट्याची कडी सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरती असते, चिखलातून उपटण्यासाठी नाही. बंपर, अॅक्सल, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे दांडे पूर्ण वर्ज्य. मागे ट्रेलर जोडायचा गोळा, म्हणजे टो-बॉल, तर कधीच नको. तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात त्याने माणसे दगावली आहेत.

दोन पट्टे जोडायचे असतील, तर मध्ये शॅकल घालू नये. पट्टा तुटला की ती उडते. एकाचा फासा दुसऱ्यात गुंफून मध्ये कागदाची घट्ट गुंडाळी ठेवावी, म्हणजे गाठ आवळून बसत नाही.

ट्रॅक्टरने ओढताना वेगळे काय?

ट्रॅक्टरला दोर बांधायचा तो खालच्या ड्रॉबारलाच. मागच्या अॅक्सलच्या वर, टॉप लिंकला किंवा सीटखाली बांधला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर दोन सेकंदांच्या आत चालकावर उलटू शकतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. खालचा गिअर, आधी दोर ताणून घेणे आणि क्लच हळू सोडणे, हाच क्रम ठेवावा. झटका देऊ नये.

ट्रॅक्टरच फसला, तर मागच्या चाकांना लाकूड बांधून पुढे काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीही याच कारणाने घातक आहे. चाक अडकले, की इंजिनचा जोर ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. आधी माती मोकळी करून मागे घेऊन पाहावे, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे.

मेळघाटात किंवा चिखलदऱ्याच्या उतारावर आणखी एक काळजी हवी. गाडी सुटताच उताराने घरंगळू शकते, म्हणून ओढण्याआधी उताराच्या बाजूला कोण उभे आहे ते पाहावे आणि गाडी बाहेर येताच चाकांना दगड लावावेत.

बघ्यांनी कुठे उभे राहावे?

दोराच्या रेषेत कोणीही नको, पुढे नाही आणि मागेही नाही. बाजूलाही पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतर हवे. पट्टा नऊ मीटरचा असेल, तर साडेतेरा मीटर. ताणलेला दोर ओलांडू नये. दोराच्या मध्यावर जाड ओले पोते टाकले, तर तुटलेला दोर काहीसा खाली दबतो. पण त्या भरवशावर जवळ उभे राहू नये. दोन्ही गाड्यांत फक्त चालक असावेत आणि इशारा एकानेच द्यावा. दहा जण ओरडले, की चालक चुकीच्या क्षणी क्लच सोडतो.

काम झाल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. मातीचे बारीक कण आतून धागे कापतात. शिवण उसवली किंवा धागे तुटले दिसले, तर तो पट्टा पुन्हा ओढायला वापरू नये.