धान वाहण्यास पिकअप घ्यावयाची तर

आमच्या वरठी भागांत बांधींतलें धान बाजारांत नेण्यास आतां बैलबंडी क्वचितच जुंपली जाते. ट्रॅक्टरची ट्रॉली शेताच्या वाटेपुरती उत्तम. परंतु तुमसरच्या बाजारांत जाऊन त्याच दिवशीं परतावयाचें तर पिकअप मोटार अधिक सोयीची, असें पुष्कळांचें मत झालें आहे. ती कोणती घ्यावी व कशी घ्यावी, याविषयीं कित्येक शेतकरी बंधू आम्हांस विचारतात. आमचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. यंत्राची पारख आमच्यापाशीं थोडी, कागदाची कांहींशी अधिक. तेव्हां ज्यांत आम्हांस गम्य आहे, तेंच मुख्यत्वेंकरून लिहितों.

प्रथम वजनाविषयीं. गाडी किती पोतीं ओढते हें विक्रेता सांगतोच. आपण विचारावें तें हें कीं, नोंदपुस्तकांत रिकामें वजन किती व भरलेलें वजन किती लिहिलें आहे. दुसऱ्यांतून पहिलें वजा केलें म्हणजे कायद्यानें नेतां येणारा भार निघतो, आणि चालकाचें वजनही त्यांतच मोजावयाचें असतें. टाटा कंपनीनें २००५ सालीं काढलेल्या 'एस'सारख्या लहान गाडीचा भार सुमारें ७५० किलो धरला, तर ४० किलोचीं १८ पोतीं होतात. १,७०० किलो नेणाऱ्या पिकअपमध्यें ४२ बसतात. यापेक्षां अधिक पोतीं घालण्याचा मोह सर्वांसच होतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भारास २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये, असा दंड कायद्यांत ठरविला आहे. भरलेलें वजन ३,००० किलोंहून अधिक नसेल, तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. ज्याच्या घरीं दोन-चार एकरांचेंच धान आहे, त्यानें गाडी घेऊंच नये, भाड्यानें बोलवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. गाडीस काम असो वा नसो, हप्ता भर पावसाळ्यांतही भरावा लागतो.

आतां जुन्या गाडीविषयीं. येथें आम्हांस आमचीच फजिती सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका गृहस्थापासून चांगली दिसणारी पिकअप घेतली. टायर पाहिले, इंजिनाचा धूर पाहिला, पोतीं भरून चालवून पाहिली, सौदा मुद्रांकावर लिहून साक्षी घातल्या. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना वाचल्यावांचून ज्यांनीं जन्मभर कोणास जमीन घेऊं दिली नाहीं, त्या आम्हीं गाडीच्या नोंदपुस्तकावरील कर्ज देणाऱ्या संस्थेचें नांव मात्र वाचलें नाहीं! विकणाराचे हप्ते थकले होते. ऐन मळणींत संस्थेचीं माणसें आलीं. आमचें मुद्रांकपत्र त्यांनीं वाचलें, घडी घालून परत दिलें, आणि गाडी घेऊन गेलीं. थकबाकी भरून ती सोडविण्यास अडीच महिने लागले. धान शेजाऱ्याच्या ट्रॉलीनें गेलें.

म्हणून गाडीवर बोजा असल्यास, कर्ज फिटल्याचा दाखला व संस्थेच्या सहीचा नमुना ३५ हातीं आल्यावांचून इसाऱ्यापलीकडे कांहींही देऊं नये. एम-परिवहन अॅपवर गाडीच्या नोंदी पाहतां येतात. घरच्या मुलांकडून त्या पाहवून घ्याव्या. मग नमुना २९ व ३० भरून गाडी आपल्या नांवावर करावी. विकणारानेंही आळस करूं नये. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास त्यानें १४ दिवसांत कळवावें, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत आहे. आणि ज्याचें नांव नोंदींत, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणांत ठरविलें आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. रोवणीच्या दिवसांत बायांना मागच्या उघड्या हौद्यांत उभ्या करून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्याची चाल पडली आहे. मालवाहू मोटारींत बसविलेल्या उतारूंच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं आशा राणी प्रकरणांत दिला. विम्याचा कागद खिशांत असूनही भरपाई मालकाच्या जमिनीवर येऊं शकते. आणि मालकापाशीं कांहीं नसलें, तर जिच्या घरची बाई गेली त्या घराच्या हातीं कांहींच पडत नाहीं. मजूर नेणें असेल, तर दुहेरी कॅबिनची गाडी पाहावी. महिंद्रा कंपनीच्या बोलेरोंत तिला 'कॅम्पर' म्हणतात. तिच्यांत आसनांची दुसरी ओळ असते. हौदा त्या मानानें आंखूड, हें खरें. नोंदींतल्या आसनांहून एकही माणूस अधिक घेऊं नये. आमच्या शेजाऱ्यानें गेल्या रोवणीस अशा गाडीच्या तीन-तीन फेऱ्या केल्या. डिझेल अधिक जळलें, बांधीवर काम तासभर उशिरां लागलें. हौद्यांत मात्र पऱ्यांच्या जुड्यांखेरीज कोणी नव्हतें.