थांबलेल्या श्वासात नाकावाटे प्राणवायू

स्नायू शिथिल करणारे औषध शिरेत गेल्यापासून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंतच्या अवधीत रुग्णाचा श्वास सर्वस्वी थांबलेला असतो. म्हणून तत्पूर्वी तोंडावर मास्क घट्ट धरून फुप्फुसांतील नायट्रोजन बाहेर घालवावयाचा व तेथे प्राणवायूची शिल्लक जमा करावयाची, हा भूलशास्त्राचा जुना दस्तूर आहे. नाकाशी प्राणवायू सोडणारी वेगळी नळी ही शिल्लक पुरवून पुरवून वाढविते. रक्त दर मिनिटास सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू शोषून घेते, परंतु श्वास थांबला असता कर्बवायू मात्र वायुकोशांत फारच थोडा उतरतो व बाकीचा रक्तात आणि ऊतींतच मुरतो. त्यामुळे वायुकोशांतील दाब किंचित घटून, छाती तसूभरही न हलता, नाकाशी सोडलेला प्राणवायू आपसूक आत ओढला जातो. घशाची वाट तेवढी मोकळी हवी; हनुवटी उचलून धरणारा हात त्यासाठीच.

लंडनचे अनिल पटेल व त्यांचे सहकारी नूराई यांनी २०१५ साली, श्वासमार्ग अवघड असलेल्या २५ रुग्णांना मिनिटास ७० लिटरपर्यंत उबदार व दमट प्राणवायू नाकावाटे देऊन, श्वासाविना सुरक्षित गेलेल्या वेळेचा मध्यक १४ मिनिटे नोंदविला. शल्यवैद्यांना ही मुदत, खरे तर, चैनच वाटावी! पण कर्बवायू या काळात साचतच राहतो, आणि चेहऱ्याजवळ डायथर्मी (विजेच्या उष्णतेने ऊती कापण्याचे वा डागण्याचे साधन) वापरावयाची असल्यास हा प्रवाह आधी तहकूब करावा लागतो, कारण प्राणवायू कोंडलेल्या चादरी ठिणगीने तत्काळ पेट घेतात.