९६१ ठोक्यांत मावणारा देश

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, हे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात हा आकडा सतत हलत असतो. मागणी वाढली की वीजकेंद्रांतली जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते. मागणी घटली की चढते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून चंद्रपूरचं जनित्र आणि तमिळनाडूतलं जनित्र एकाच तालात फिरतात. म्हणजे देशाची वारंवारता घरच्या सॉकेटवरही मोजता येते.

वीजजाळ्याच्या, म्हणजे ग्रिडच्या नियमांनी वारंवारतेसाठी आखलेला पट्टा आहे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ. ती मोजायला आर्डुइनो उनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेऊ. त्यातल्या मायक्रोकंट्रोलरचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात असे ३,२०,००० ठोके बसतात. ४९.९० ला ३,२०,६४१ आणि ५०.०५ ला ३,१९,६८०. अख्ख्या देशाच्या विजेचा नियमांत बसणारा चढउतार ९६१ ठोक्यांत, म्हणजे ६० मायक्रोसेकंदांत मावतो!

सॉकेटमधले २३० व्होल्ट बोर्डाला थेट कधीही जोडायचे नाहीत. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावायचा आणि पुढे रेझिस्टर वापरून सिग्नल ५ व्होल्टच्या आत बसवायचा. मग पहिला मोह होतो तो सिग्नलचे नमुने घेत बसण्याचा. पण नेहमीच्या सेटिंगला एक नमुना घ्यायला १०४ मायक्रोसेकंद लागतात. दोन नमुन्यांमधल्या फटीतच तो ६० मायक्रोसेकंदांचा पट्टा गडप होतो.

म्हणून चिपमधला, दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर वापरायचा. लाट मध्यरेषा ओलांडते त्याच क्षणी तो टायमरचा आकडा टिपून ठेवतो. हा टायमर ६५,५३५ पर्यंतच मोजतो. एका आवर्तनात तो चारदा भरतो आणि पाचव्यांदा भरत आलेला असतो. किती वेळा भरला, याचा हिशेब प्रोग्रामने ठेवायचा.

मध्यरेषेवर लाट सर्वांत उभी असते, तरी २ व्होल्ट उंचीची लाट एका ठोक्यात जेमतेम ०.००००४ व्होल्टनं सरकते. एक मिलिव्होल्टचा गोंगाट आला, तर वेळ २५ ठोक्यांनी चुकते. उपाय सोपा आहे: सलग ५० आवर्तनं मोजायची. तीच २५ ठोक्यांची चूक आता १ कोटी ६० लाखांत वाटली जाते.

खरी अडचण घड्याळाची आहे. उनोवर घड्याळाला ताल देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. एका आवर्तनामागे ही चूक १,६०० ठोक्यांची, देशाच्या पट्ट्याहूनही मोठी. कितीही आवर्तनांची सरासरी काढली तरी ती जात नाही. दहा लाखांत २० इतकीच चूक असलेला क्रिस्टल लावला, तर ती सहा ठोक्यांवर येते आणि ४९.९९ व ५०.०० मधला ६४ ठोक्यांचा फरक स्वच्छ दिसतो. वारंवारता मोजायची असेल, तर पहिला खर्च चांगल्या घड्याळावर करावा.