विजेची कोठी

अर्जन आणि संचय ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें गृहस्थाश्रमी वाचकांस सांगावयास नको. पीक एका हंगामाचें आणि जेवण बारा महिन्यांचें, म्हणून घरांत कोठी असते. कोळसा सोडून सूर्यापासून वीज घ्यावयाची, तर हाच न्याय सबंध महाराष्ट्रास लावला पाहिजे.

कोळसा ही निसर्गानेंच भरून ठेविलेली कोठी होय. म्हणून चंद्रपूरचें वीजकेंद्र मध्यरात्रींही चालतें. परंतु त्याच्या धुराबरोबर निघणारा कर्बवायु पृथ्वीचें तापमान वाढवितो. सूर्य निर्दोष खरा, पण तो आपल्या सोयीनें चालत नाहीं. दिवेलागणीस घरोघरीं विजेची मागणी वाढते, नेमका तेव्हांच तो मावळतो. पावसाळ्यांत ढग त्यास झाकतात. सुदैवानें त्याच महिन्यांत साताऱ्याच्या पठारांवर वाऱ्यास जोर असतो. तेव्हां मराठवाड्याचें ऊन, साताऱ्याचा वारा आणि सह्याद्रीचा उतार ह्यांचा मेळ घालणें, ह्यासच राज्याचें वीजनियोजन म्हणावें.

सह्याद्रीच्या उताराचा उपयोग नवा नाहीं. खोपोली येथें १९१५ सालींच घाटावरील पाणी खालीं सोडून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. घाटघर येथें २००८ सालीं त्यापुढील पाऊल पडलें. तेथें एक तलाव कड्यावर व दुसरा पायथ्याशीं आहे. वीज उरली म्हणजे पाणी वर चढवावयाचें, आणि कमी पडली म्हणजे खालीं सोडावयाचें. अशा व्यवहारांत पांच भाग वीज खर्चावी तेव्हां सुमारें चार भाग परत मिळते. पण उरलेली वीज वायां जाण्यापेक्षां ही तूट बरी. घाटघरची शक्ति २५० मेगावॅट आहे. राज्याच्या गरजेपुढें ती ओंजळभरच होय.

कोणी कोयनेकडे बोट दाखवील. तिचें केंद्र १,९६० मेगावॅटचें आहे. परंतु वीज करून पश्चिमेस गेलेलें तिचें पाणी वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळतें, कृष्णाकांठच्या शेतांस तें पुन्हां लाभत नाहीं. तेंच पाणी खालींवर फिरविणारे तलाव हवेत, ते ह्याकरितां.

तथापि तलाव म्हटला कीं कोणाची तरी जमीन बुडते. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. धरण झालेंच, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजकेंद्र सुरू झालें. मुंबई उजळली, मुळशीचें खोरें बुडालें. धूर टळला म्हणून अन्याय टळतो असें नाहीं. नवा तलाव आंखण्यापूर्वीं ज्याचें शेत जाणार, त्यास प्रथम विचारावें. आणि कोळशावर ज्यांचें पोट आहे, त्या चंद्रपूरच्या कामगारांची तरतूदही त्याच आराखड्यांत असावी.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र आपल्या हातीं आहे. टाकींत पाणी चढविणें, कपडे धुण्याचें यंत्र चालविणें, हीं कामें दुपारीं उरकलीं, तर तेवढी वीज सांठवावीच लागत नाहीं. शेतीस दिवसां वीज देणारी २०१७ सालची सौर कृषि वाहिनी योजना ह्याच तत्त्वावर आहे. जेथें ती पोंचली, तेथें शेतकऱ्यास अपरात्रीं विंचूकाट्यांतून पंपाकडे जावें लागत नाहीं. सायंकाळीं आपण जितकें कमी मागूं, तितकें कोणाचें तरी शेत बुडावयाचें वांचेल.