न्यूझीलंडचा दीर्घ प्रवास

दीर्घ सुट्टी म्हणजे मे महिना, हें समीकरण छत्रपती संभाजीनगरांतील सुशिक्षित कुटुंबास पाठ असतें. न्यूझीलंडला जावयाचें ठरतांच तें मोडावें लागतें. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथील ऋतुचक्र उलट आहे. इकडे वैशाखवणवा पेटला असतां तिकडे पानगळ सरत असते आणि जून लागतांच हिवाळा येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा. त्यांतही डिसेंबर-जानेवारींत तेथील शाळांना सुट्टी असल्यामुळें गर्दी फार. फेब्रुवारींत ती ओसरते. वर्षानुवर्षांची शिल्लक एकाच प्रवासावर खर्चणाऱ्यानें हें आधीं पाहावें.

दुसरी गोष्ट पावसाची. दक्षिण बेटावरील मिलफर्ड साउंड या रम्य समुद्रखाडीवर वर्षाकाठीं सुमारें ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो; मराठवाड्याच्या जवळजवळ दसपट! ते आनाऊ गांवाहून तेथें जाणारा सुमारें १२० किलोमीटरांचा रस्ता हिवाळ्यांत हिमराशी कोसळण्याच्या भयानें कधीं कधीं बंद ठेवतात. अशा स्थळासाठीं एकच दिवस राखणें हा जुगार होय. दोन-तीन दिवस मोकळे ठेवतां येणें, हाच दीर्घ मुक्कामाचा खरा लाभ.

शिदोरीचेंही भान असावें. ताजीं फळें व मध नेऊं नयेत. मसाले, लोणचीं विमानतळावर न चुकतां जाहीर करावींत. न केल्यास ४०० डॉलर दंड होऊं शकतो. परकी कीड व रोग यांपासून शेती वांचविण्यासाठीं हा निर्बंध आहे.

ऋतु, मुक्काम, व्हिसा आणि मगच तिकीट, हा क्रम राखणाऱ्यास पश्चात्ताप करावा लागत नाहीं.