ज्या विमानाला वर-खाली कळत नाही

रेडिओवर उडणारं विमान शिकायला आलेल्याच्या हाती पहिल्यांदा जे मॉडेल देतात, त्याचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. पंखाची वरची बाजू फुगीर, खालची जवळपास सपाट. असं विमान कलंडलं आणि शिकणाऱ्याने घाबरून ट्रान्समीटरच्या स्टिक सोडून दिल्या, तर ते बहुधा आपलं आपण सरळ होतं. नवख्याला हा फार मोठा आधार. पण तेच विमान उलटं करून उडवायला जा, ते सारखं सुलटं व्हायला बघतं.

हवाई कसरतींचं मॉडेल बांधणारा हा स्वभाव मुळातूनच काढून टाकतो. पंख धडाच्या मध्याजवळ येतात आणि जवळजवळ सरळ रेषेत बसतात. पंखाचा छेद वरून आणि खालून सारखाच फुगीर. पंख आणि आडवं शेपूट एकमेकांना समांतर, कोन शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ. अशा विमानाला आकाश कुठे आणि जमीन कुठे याचं काही देणंघेणं उरत नाही. जिकडे तोंड कराल तिकडे ते जातं आणि पुढची आज्ञा येईपर्यंत जात राहतं. न सांगितलेलं काहीही विमानाने करू नये, यासाठीच या छंदातली बहुतेक कारागिरी खर्ची पडते.

इथवर यायला बराच काळ लागला. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये अशा कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हाचे बरेचसे रेडिओ ‘रीड’ पद्धतीचे होते. बटण दाबलं की सुकाणू पूर्ण वळणार, सोडलं की परत मध्यावर येणार. मधलं काही नाहीच. वैमानिक बटणावर टिचक्या मारत वर्तुळं काढायचे, हे आज ऐकूनही खरं वाटत नाही. मग स्टिक जेवढी हलवू तेवढंच सुकाणू हलेल, असे ‘प्रपोर्शनल’ रेडिओ आले. ते बनवणाऱ्यांपैकी एक, फिल क्राफ्ट, १९६७ साली स्वतःच्याच ‘क्विक फ्लाय’ मॉडेलवर जगज्जेता झाला. दहा वर्षांनी ऑस्ट्रियाचा हानो प्रेटनर ‘कुरारे’ घेऊन जिंकला. रेडिओ सुधारले तशी विमानं बदलली आणि विमानं बदलली तशी स्पर्धेतल्या कसरती अवघड होत गेल्या.

आज या स्पर्धाप्रकाराला ‘एफ३ए’ म्हणतात. मॉडेलची लांबी आणि पंखांचा विस्तार प्रत्येकी २ मीटरच्या आत ठेवायचा. वजनालाही मर्यादा आहे. वर्षानुवर्षं ती ५ किलोच्या घरात राहिली आणि बांधणाऱ्याची खरी झोप उडते ती इथे.

म्हणून काम सुरू होतं ते वजनकाट्यापासून. बाल्साचं लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं, पण एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक निघू शकतो. प्रत्येक फळी तोलायची, उजेडात धरून तिचे तंतू बघायचे. ज्या फळीवर बारीक चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते, ती ताठ असते; वाकवायला गेलं तर मोडते. ती पंखाच्या बरगड्यांना. जी सहज वळते, ती पंखाच्या पुढच्या गोल कडेवर चढवायला. पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे स्पारमध्ये, जे पातळ तुकडे चिकटवतात, त्यांचे तंतू उभेच हवेत. आडवे लावले तर जोरात ओढलेल्या लूपमध्ये (हवेतल्या उभ्या वर्तुळात) पंख दुमडण्याची भीती. मोटर बसते तिथे प्लायवूड आणि इपॉक्सी, बाकी ठिकाणी सुपरग्लूचे थेंब. डिंक जास्त लावल्याने मजबुती वाढत नाही, फक्त वजन वाढतं. शेपटीकडे तर फारच कंजूष राहावं लागतं, कारण मागे एक ग्रॅम वाढला की तोल सावरायला पुढे दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. मग पॉलिश पेपर. सपाट ठोकळ्यावर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने घासत बसण्याचे तास मला या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटतात. पंखाचा छेद डावीकडे आणि उजवीकडे खरोखर सारखा होतो तो इथेच. शेवटी इस्त्रीने चिकटणारी, उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची फिल्म. वरच्या आणि खालच्या बाजूचे रंग ठळक वेगळे ठेवायचे, कारण दीडशे मीटरवर विमान उलटं आहे की सुलटं हे त्यावरूनच कळतं.

सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरपासून, म्हणजे सर्व्होपासून, सुकाणूपर्यंतच्या सळईत जराही ढिलेपणा चालत नाही. ढिलं सुकाणू वेगात फडफडू लागतं आणि ती फडफड काही क्षणांत शेपूट उखडू शकते.

मग मैदानावरचं ट्रिमिंग, म्हणजे उडवून बघत तोल आणि कोन जुळवणं. गुरुत्वमध्य नीट आहे की नाही हे कसं बघतात? विमान ४५ अंशांत वर चढवायचं, उलटं करायचं आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं आडव्या शेपटीचं सुकाणू) सोडून द्यायचा. नाक झटकन जमिनीकडे वळलं तर पुढचा भाग जड, उलट्या स्थितीत आणखी वर चढू लागलं तर मागचा. सरळ जात राहिलं तर तोल बरोबर आहे, बॅटरी आहे तिथेच ठेवायची. नंतर सरळ वर चढाई. पुढच्या पंख्यामुळे (प्रोपेलरमुळे) हवा धडाभोवती पीळ घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीला एका बाजूने ढकलते, त्यामुळे विमान डावीकडे झुकतं. त्यावर उपाय म्हणून मोटर दोन-तीन अंश उजवीकडे तिरपी बसवतात. अलीकडे अनेक स्पर्धक एकामागे एक, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे लावतात. मग हा पीळच बराचसा नाहीसा होतो. आजच्या ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंगने, म्हणजे एका आज्ञेबरोबर दुसरं सुकाणूही आपोआप हलवून, कितीतरी दोष झाकता येतात, हे खरं. पण आधी लाकडात आणि तोलात दुरुस्ती करावी, उरलेलं तेवढंच रेडिओवर सोपवावं, या जुन्या जाणकारांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

आता उडवण्याकडे येऊ. पाहणाऱ्याला साध्यात साधी वाटणारी कसरत म्हणजे स्लो रोल: सरळ रेषेत जाता जाता विमानाने सावकाश स्वतःच्या अक्षाभोवती एक फेरी पूर्ण करायची. समजा, रोल उजवीकडे आहे. उजव्या अंगठ्याने एलेरॉन (विमान कलंडवणारं पंखांवरचं सुकाणू) किंचित उजवीकडे धरून ठेवला. विमान कुशीवर येऊ लागलं की पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत, तेव्हा डाव्या अंगठ्याने हळूहळू डावा रडर (उभ्या शेपटीचं सुकाणू), म्हणजे नाक वर राहील. पाठीवर आलं की रडर सोडत एलेव्हेटर पुढे ढकलायचा. दुसऱ्या कुशीवर पुन्हा रडर, पण आता उजवा. मग सुलटं. यातली प्रत्येक आज्ञा आधीच्या आज्ञेत विरघळत यायला हवी आणि फिरण्याचा वेग कुठेही बदलता कामा नये. विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डावं-उजवं उलटं भासतं. त्यासाठी शिकवणारे सांगतात की, जो पंख खाली गेलाय, त्या बाजूला स्टिक ढकल.

आणि लूप! वर जाताना वेग घटतो, उतरताना वाढतो. वाऱ्याच्या विरुद्ध सुरू केलेल्या लूपमध्ये माथ्यावरचं विमान वाऱ्याबरोबर वाहत जातं. नुसता एलेव्हेटर ओढून धरला तर चिमटलेला, सरकलेला आकार निघतो. गोल काढायचा तर थ्रॉटल आणि एलेव्हेटर सतत बदलत राहावे लागतात. परीक्षक बहुतांश कसरतींमध्ये विमानाचा मार्ग बघतात. आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे वळलेलं असलं तरी चालतं, मार्ग सरळ हवा. प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण देतात आणि साधारण १५ अंशांच्या चुकीला एक गुण कापतात. अवघड कसरतीचा गुणक मोठा. हे सगळं स्पर्धकापासून सुमारे दीडशे मीटर दूर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ६० अंशांच्या चौकटीत घडतं. फ्रान्सचा क्रिस्टोफ पेसाँ ल रू अनेकदा जगज्जेता झाला, त्याची उड्डाणं पाहावीत. विमान घाईत आहे असं कधीच वाटत नाही.

आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात आणि इंजिनिअरिंगची मुलं डेप्रॉन नावाच्या फोमची विमानं कापतात, उडवतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. विमानतळांभोवतीचे लाल-पिवळे झोन मात्र नकाशावर आधी तपासायचे. सुरुवात सिम्युलेटरवर करावी, मग वर पंख असलेलं शिकाऊ विमान, मग खाली पंखाचं. उलटं उडवताना बोटं आपोआप एलेव्हेटर पुढे ढकलू लागली, की बाल्साच्या पहिल्या फळ्या मागवायला हरकत नाही.