सुई आणि मुळी

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘आपल्याकडचं चिनी औषध’ हा विषय सुचवला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. वरणगाव म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना, केळीच्या गाड्या आणि ऊन. इथे चीन कुठून आणायचा? पण कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी गुडघ्यांसाठी भुसावळला ‘सुयावाल्या ताईंकडे’ जातात, हे कानावर होतं. त्यांच्याबरोबर गेलो आणि पुढे त्यांचे गुडघे सावरल्यावरही जात राहिलो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण माहितीपत्रकांत तो नको तितका सरळ असतो. ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे वाक्य हमखास सापडतं. प्रत्यक्षात इ.स.पू. १६८ च्या मावांगदुई येथील थडग्यात सापडलेल्या ग्रंथांत शरीरातल्या वाहिन्यांची वर्णनं आहेत, शेक देणं आहे, सुया मात्र नाहीत. १८२२ मध्ये चिनी सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून सुयांचं शिक्षण काढून टाकलं. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी एकसंध पद्धत बरीचशी १९५० नंतर, माओच्या काळात बांधली गेली. ज्याला आपण प्राचीन म्हणतो त्याची घडी आपल्या वडिलांच्या वयाची आहे.

महाराष्ट्राला या संदर्भात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. पण कोटणीस चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला, सुया शिकायला नव्हे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी कोलकात्यात रुजवलं. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये त्यासाठी कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये या उपचारपद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. ताईंच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. रुग्ण त्याच्याकडे बघत नाहीत. शेजारच्या गणपतीला मात्र सगळे नमस्कार करतात.

तपासणीचे चार भाग : बघणं, ऐकणं (यात वास घेणंही आलं), विचारणं आणि स्पर्श. बघण्यात जिभेला मान मोठा. तिचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला उमटलेले दातांचे ठसे. रुग्णाने त्या दिवशी जीभ घासून येऊ नये असा दंडक आहे. “इथे अर्ध्या जिभा तंबाखूने रंगलेल्या, उरलेल्या चहाने,” ताई म्हणाल्या. “त्यावर काय वाचणार?”

नाडी त्याहून अवघड. आपले वैद्य तीन बोटांखाली वात, पित्त, कफ शोधतात. चिनी पद्धतीतही मनगटावर तीच तीन बोटं असतात, पण डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि उजव्याला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. शिवाय प्रत्येक जागी हलकं, मध्यम आणि खोल दाबून बघायचं. सोळाव्या शतकातल्या ली शिझेन यांनी नाड्यांचे २७ प्रकार सांगितले आहेत. एकाच रुग्णाची नाडी दोन जाणकारांना सारखी लागते का, याच्या चाचण्या झाल्या तेव्हा एकमत फारसं दिसलं नाही. ताईंना हे ठाऊक आहे. “माझ्या गुरुजींना आणि मला एकाच हाताची नाडी वेगळी लागायची,” त्या सहज म्हणाल्या. मग बघता कशाला? “हात हातात घेतला की माणूस खरं दुखणं सांगायला लागतो.”

मला गुंतवलं ते सुईने. ती भरीव असते, पाव मिलिमीटर जाडीची. इंजेक्शनची पोकळ, कापणारी सुई हिच्या दुपटीहून जाड. ताई प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात, आतल्या सुईला टिचकी मारतात, नळी काढून घेतात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला ‘त्सुसानली’ नावाचा बिंदू आहे. तिथे सुई गेली की त्या ती दोन बोटांत धरून फिरवतात आणि थांबतात. कशाची वाट बघता, विचारलं. “ओढ लागण्याची.” गळाला मासा लागल्यावर दोरी ताणली जाते, तसं सुईला खालून कोणीतरी धरल्यासारखं जाणवतं म्हणे. जुन्या चिनी वैद्यांनीही माशाचीच उपमा दिली आहे. त्याच क्षणी खाटेवरच्या आजी ओरडल्या, “माय वं, पायातून काहीतरी चाललं खाली!”

ही ओढ भ्रम नाही. अमेरिकेत हेलेन लँजेव्हिन यांनी २००१ मध्ये ६० निरोगी माणसांवर सुई उपसायला लागणारं बळ यंत्राने मोजलं. फिरवलेली सुई खरोखर घट्ट धरली जाते. कातडीखालच्या संयोजी ऊतींचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात. बिंदूवर ही पकड बाजूच्या जागेपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त निघाली. इथवर ऐकून सुईभक्त खूश होतात. पण बाजूच्या, नकाशात नसलेल्या जागीही सुई फिरवली की पकड बसतेच.

हाच पेच जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत पुढे आला. जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले. खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी फरक पडला. भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. नेहमीची औषधं-व्यायाम घेणाऱ्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे टोचण्याचा उपयोग झाला, पण कुठे टोचायचं याची एवढी घोकंपट्टी केलेले ३६१ बिंदू फारसे कामी आले नाहीत. मी हे आकडे ताईंना दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले. “मग कंबर दुखणाऱ्याला परत पाठवू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि दुखण्यापुरतं ते असण्याची गरजही वाटली नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाचा बिंदू दाबल्याने आराम पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मधुमेह किंवा कर्करोग सुईने बरा होतो, याला नाही.

सुईला लोक भितात. धोके आहेतच. छातीवर किंवा खांद्यावर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर काविळीचा विषाणू पसरतो. म्हणून ताई पाकीट रुग्णासमोर फोडतात आणि वापरलेली सुई छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पोटात बाळ आहे का, हे त्या आधी विचारतात. पेसमेकर असलेल्याच्या सुयांना वीज जोडत नाहीत. दोन दिवसांच्या शिबिरात शिकून तुंबड्या लावत फिरणाऱ्यांवर त्या चिडतात, कारण नावं ठेवली जातात ती ताईंसारख्यांना.

माझी काळजी मात्र सुईवरून हळूहळू मुळीकडे सरकली. चिनी वैद्यकाचा मोठा भाग सुयांचा नाहीच, वनस्पतींचा आहे. तिथे यशही मोठं आहे. तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या नोंदीत ‘छिंगहाव’ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचली आणि उकळण्याने औषध मरत असावं हे ताडलं. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं. आज फाल्सिपेरम हिवतापावरचे मुख्य उपचार त्यावर उभे आहेत. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ते औषध शुद्ध करून, मोजून आणि तपासून घेतलेलं आहे.

न मोजलेल्याची गोष्ट बेल्जियमची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवणाऱ्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी तिच्यासारख्याच नावाची दुसरी मुळी गेली, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे ज्या ३९ जणांची मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका काढून तपासली, त्यांतल्या १८ जणांत कर्करोग सापडला. बाई घाबरते ती सुईला. ‘नैसर्गिक आहे’ म्हटलेल्या गोळीला ती हात पुढे करते.

आणि हे कूळ परकं नाही. आपल्या काळ्या कापसाच्या रानात बांधावर पसरणारी किडामारी त्याच कुळातली, त्याच विषाची. जुन्या बाया जंतांवर तिचा रस देत आल्या. दुसऱ्याच्या अंगणातल्या वैद्यकाला नावं ठेवताना आपल्या बांधावरची वेल विसरता येत नाही. वेदनेवरच्या देशी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं चीनमधली आहेत तशी आपल्याकडचीही.

ताई औषध विकत नाहीत. शेवटच्या खेपेला एक तरुण मोबाइलवरून मागवलेल्या ‘चिनी स्लिमिंग चहा’चं पाकीट घेऊन आला होता. लेबलवरचं सगळं चिनीत. दोन महिने पितोय, म्हणाला. ताईंना चिनी वाचता येत नाही, मलाही नाही. त्यांनी पाकीट परत दिलं, चहा बंद करायला सांगितला आणि कागदावर लिहून दिलं : क्रिएटिनिन, आजच, उपाशीपोटी नसलं तरी चालेल.